फिट एका ठिपक्यातून येते की जाळ्यातून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ २६ वर्षांचा आहे. सतराव्या वर्षापासून त्याला फिट्स येतात. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग तो टक लावून बघत राहतो, चघळल्यासारखं तोंड हलवतो आणि मिनिट-दीड मिनिटानं भानावर येतो. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊन झाली, फिट्स थांबल्या नाहीत. एमआरआय नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘हा मेंदूच्या नेटवर्कचा आजार आहे.’ आणि कुणीतरी ‘कनेक्टिव्हिटी स्कॅन’ करून घ्या असं सुचवलं. तर त्याच्या मेंदूचं वायरिंगच बिघडलंय का, आणि तो स्कॅन करावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. निदान पक्कं करायला किंवा कोणती गोळी द्यायची हे ठरवायला म्हणून तो स्कॅन करू नका. शस्त्रक्रियेच्या तपासणीचा भाग म्हणून कुणी सांगितला असेल किंवा संशोधनात भाग घ्यायचा असेल, तर गोष्ट वेगळी. पहिल्या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही. त्यासाठी जरा बसावं लागेल.

मी वीसेक वर्षं एपिलेप्सीचेच, म्हणजे फिट्सच्या आजाराचेच, रुग्ण बघते, आणि ‘नेटवर्कचा आजार’ हे शब्द कानावर पडले की घरच्यांचे चेहरे कसे उतरतात हे मला पाठ आहे. एक ठिपका बिघडलाय म्हटलं की तो काढून टाकता येईल अशी आशा असते. अख्खं जाळं बिघडलंय म्हटलं की सगळंच हातातून गेलं असं वाटतं. मला ते तसं वाटत नाही. का, ते सांगते.

सभागृहात माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आता दोष कुठे आहे? माइक उघडून बघा, ठीक आहे. स्पीकर ठीक, वायरही ठीक. तरी शिट्टी वाजतेच, कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, परत माइकमध्ये जातो. शिट्टी त्या फेऱ्यात आहे, कुठल्या एका वस्तूत नाही. आणि म्हणूनच ती थांबवायचे मार्गही अनेक: आवाजाचं बटण कमी करा, माइक उचलून बाजूला न्या, मधली एखादी वायर काढा. एपिलेप्सीतले जवळपास सगळे उपचार या तिन्हींपैकी कशात ना कशात बसतात. तुमच्या भावाचा एमआरआय नॉर्मल असूनही फिट येते, यात म्हणूनच काही गूढ नाही. एमआरआय वस्तू दाखवतो. फेरा दाखवत नाही.

हा विचार काल-परवाचा नाही, पण सरळ रेषेतही आलेला नाही. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७०च्या दशकात फिट म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागातला अचानक, अतिरेकी विद्युत्स्राव, अशी मांडणी केली. तिथून ‘फोकस’, म्हणजे फिट जिथून सुरू होते ती जागा, शोधायची परंपरा सुरू झाली. मग १९३५ मध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी ॲब्सेन्स फिटचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, छापला. लहान मूल बोलता-बोलता काही सेकंद गप्प होतं, नजर हरवते, आणि जिथून सोडलं तिथून पुन्हा सुरू करतं, ती ही फिट. त्यात सेकंदाला तीन या ठेक्यानं टोक-आणि-लाट अशी नक्षी दोन्ही बाजूंना एकदमच उमटत होती. एकदमच, म्हणजे हिचा फोकस कुठे? माँट्रियलमध्ये पेनफिल्ड आणि जॅस्पर यांनी तर्क केला की मेंदूच्या मध्यभागी, खोलवर कुठेतरी असणार. पुढची कित्येक वर्षं ‘वर की खाली’ हा वाद रंगला. वर म्हणजे सालीसारखा कॉर्टेक्स, खाली म्हणजे थॅलॅमस.

२००२ मध्ये ॲब्सेन्ससारख्या फिट्स आपोआप येणाऱ्या उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात दोन्ही ठिकाणचे सिग्नल एकाच वेळी मोजले. पहिला अर्धा सेकंद कॉर्टेक्समधला एक छोटा भाग पुढे होता, तोंडाभोवतीच्या त्वचेची संवेदना घेणारा. त्यानंतर मात्र कॉर्टेक्स आणि थॅलॅमस एकमेकांना ढकलत राहिले, कोण पुढे कोण मागे हे सांगता येईना. म्हणजे ठिपका होता, पण अर्ध्या सेकंदापुरता. बाकी सगळी फिट फेऱ्याची.

आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेनं २०१० मध्ये व्याख्याच या भाषेत लिहिल्या. फोकल फिट म्हणजे मेंदूच्या एका अर्ध्यापुरत्या जाळ्यात सुरू होणारी. जनरलाइज्ड फिट म्हणजे कुठेतरी सुरू होऊन दोन्ही बाजूंच्या जाळ्यांत झपाट्यानं पसरणारी. तुमच्या डॉक्टरांनी ‘नेटवर्क’ म्हटलं ते इथून आलेलं. तुमच्या भावापुरतं काही जास्त गंभीर सापडलं, असा त्याचा अर्थ नाही. सगळी एपिलेप्सी अशीच असते.

आता हे जवळून दाखवते. तुमच्या भावाच्या फिटसारखीच एक फिट मी कितीतरी वेळा सुयांच्या आतून पाहिली आहे. सुया म्हणजे स्टिरिओ-ईईजी. कवटीला बारीक छिद्रं पाडून जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीच्या सुया आत बसवतात. प्रत्येकीवर मोजणीची अनेक कड्यांसारखी टोकं असतात. पॅरिसमध्ये तालेराक आणि बाँको यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत उभी केली. त्यांचा विचार सुरुवातीपासूनच ‘फिट कुठून कुठे जाते’ असा होता, नुसतं ‘कुठे आहे’ असा नव्हता.

अशा रेकॉर्डिंगमध्ये माणूस पलंगावर बसून मोबाइल बघत असतो. पडद्यावर शंभर-सव्वाशे रेघा संथ वाहत असतात. मग उजव्या हिप्पोकॅम्पसमधल्या (कानाजवळच्या टेम्पोरल लोबच्या आतला, आठवणी घडवणारा भाग) दोन-तीन रेघा अचानक सपाट होतात आणि त्यांत बारीक, घाईची थरथर उमटते. फिट सुरू झाली आहे. माणसाला अजून काहीच माहीत नाही, तो मोबाइलच बघतोय. पाच-सहा सेकंदांनी तो मान वर करतो, पोटावर हात ठेवतो, बेल दाबतो. पोटातून काहीतरी वर चढतंय. या वेळी ॲमिग्डाला आणि इन्सुला या शेजाऱ्यांच्या रेघाही बदललेल्या असतात. पोटात काहीच झालेलं नसतं. पोटाची खबर ठेवणारा मेंदूचा भाग ओढला गेलेला असतो. कितीतरी लोक याच लक्षणासाठी वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन मग आमच्याकडे पोहोचतात.

दहा-बारा सेकंदांनी तोंड हलू लागतं. चघळणं, ओठ चाटणं. तोंडाची हालचाल चालवणारा ऑपर्क्युलम नावाचा भाग या वेळी टेम्पोरल लोबच्या ठेक्यात ठेका मिसळून चाललेला दिसतो. मग डावा हात वळतो, मनगट विचित्र वाकतं, बोटं ताठ होतात, तर उजवा हात चादर चाचपत राहतो. हा वळलेला हात आम्हाला फार मोलाचा. तो बहुधा फिटच्या विरुद्ध बाजूचा असतो, आणि फिटचा जोर बेसल गँग्लिया या खोलवरच्या, हालचाल सांभाळणाऱ्या केंद्रांपर्यंत पोहोचल्याचा तो पुरावा मानला जातो, तिथे आमची सुई नसली तरी.

आणि आता खरी गंमत. (गंमत म्हणू नये, पण आमच्या खोलीत आम्ही म्हणतो.) टेक्निशियन जवळ जाऊन विचारते, ‘नाव काय तुमचं? हा रंग कोणता?’ उत्तर नाही. डोळे उघडे, नजर रिकामी. तुम्ही म्हणाल, फिट सगळ्या मेंदूत पसरली असेल. रेघा बघा: कपाळामागच्या आणि माथ्याकडच्या भागांत फिटची थरथर मुळीच नाही. तिथे मोठ्या, संथ लाटा आहेत, गाढ झोपेत दिसतात तशा. येल विद्यापीठातल्या हॅल ब्लूमेनफेल्ड यांच्या गटानं याचं स्पष्टीकरण दिलं. टेम्पोरल लोबमधली फिट खोलवरच्या, मेंदूला जागं ठेवणाऱ्या केंद्रांना दाबून टाकते, आणि वरचे भाग फिट न पोहोचताच झोपेसारख्या अवस्थेत जातात. तुमचा भाऊ टक लावून बघतो तेव्हा त्याच्या मेंदूचा बराचसा भाग पेटलेला नसतो, विझवलेला असतो. नुसत्या ठिपक्याच्या विचारानं हे कधीच उलगडलं नसतं.

ऐंशी-नव्वद सेकंदांनी सगळ्या रेघा जवळजवळ एकदमच थांबतात. इतक्या दूरच्या जागा एकाच क्षणी कशा थांबतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की फिट म्हणजे असंख्य पेशींचं एकसुरात धडधडणं. पण मोजमाप वेगळंच सांगतं. अनेक फोकल फिट्सच्या सुरुवातीला दूरदूरच्या भागांचा ताळमेळ कमी होतो. एकसूर वाढत जातो तो शेवटाकडे. म्हणून काही संशोधकांना वाटतं की तो एकसूरच फिट थांबवायला हातभार लावत असावा. सगळे एकदम दमतात, एकदम बसतात.

आता कनेक्टिव्हिटी मोजतात कशी, ते. या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात आणि जाहिरातींत त्यांची सर्रास खिचडी होते. एक, प्रत्यक्ष दोर. डिफ्यूजन एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू कोणत्या दिशेला सहज सरकतात ते बघून पांढऱ्या भागातल्या तंतूंच्या जुड्यांचा अंदाज बांधतात. दोन, एकत्र हलणं: दोन जागांचे सिग्नल एकाच वेळी चढतात-उतरतात का. तीन, कोण कुणाला ढकलतं. हे सगळ्यात अवघड आणि रुग्णाच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं. सुयांमधून एका जागी हलका करंट देऊन दुसरीकडे काय उमटतं ते बघणं, हा त्याचा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.

तुम्हाला सुचवलेला स्कॅन बहुधा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे रेस्टिंग फंक्शनल एमआरआय. १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस बोटसुद्धा न हलवता नुसता पडून असला तरी डाव्या आणि उजव्या हालचाल-केंद्रांतले सिग्नल संथ लयीत एकत्र वर-खाली होतात. तिथून हे शास्त्र फोफावलं. मेंदूचे काही डझन किंवा काही शे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला गाठ मानायचं, दोन गाठींचे सिग्नल जुळले तर मध्ये रेघ ओढायची. मग कोणत्या गाठीला जास्त रेघा, कोणत्या कमी, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला किती पायऱ्या, हे मोजत बसायचं. चित्र फार देखणं येतं. रंगीत रेघांनी गुंफलेला मेंदू बघितला की घरच्यांना वाटतं, आता सगळं दिसलं.

पण तो सिग्नल पेशींच्या विजेचा नसतो. रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलाचा असतो, आणि तो बदल काही सेकंद उशिरा येतो. शिवाय माणूस स्कॅनरमध्ये एक मिलिमीटरसुद्धा हलला तरी रेघा बदलतात. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवल्यावर अनेक जुन्या निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं: जवळच्या जोडण्या खोट्याच वाढलेल्या दिसत होत्या आणि लांबच्या खोट्याच कमी झालेल्या. आता विचार करा, स्कॅनरमध्ये स्थिर कोण पडून राहतं? निरोगी स्वयंसेवक. आणि चुळबुळ कोण करतं? रात्रभर झोप न झालेला, गोळ्यांनी गरगरणारा, आत गेल्यावर फिट आली तर या काळजीत असलेला रुग्ण. दोघांची तुलना करून ‘एपिलेप्सीत लांबच्या जोडण्या कमी असतात’ म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. चांगले अभ्यास याची दुरुस्ती करतात, पण सगळेच चांगले नसतात. त्यात औषधांची भर. टोपिरामेट हे फिटचं औषध घेणारे ‘शब्दच सापडत नाही’ म्हणतात, आणि फंक्शनल एमआरआयमध्ये त्यांच्या भाषेच्या जाळ्याचं वागणंही बदललेलं दिसतं. मग स्कॅनमध्ये दिसलं ते आजाराचं की गोळीचं?

तरीही मोठ्या गटांवरच्या कामातून काही गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या झाल्या आहेत. २०१८ मध्ये एनिग्मा या जागतिक गटानं २,१४९ रुग्ण आणि १,७२७ निरोगी लोकांच्या एमआरआयची तुलना छापली. निरनिराळ्या प्रकारच्या एपिलेप्सीत, फोकस कुठेही मानलेला असो, उजव्या बाजूचा थॅलॅमस सरासरीनं लहान सापडला आणि हालचाल-केंद्राचा कॉर्टेक्स पातळ. म्हणजे प्रकार वेगळे, तरी काही चौक सामाईक. फरक मात्र बारीक होते, एकेका माणसाच्या फिल्मवर डोळ्यांना दिसणारे नव्हेत. टेम्पोरल लोब एपिलेप्सीत हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या-येणाऱ्या तंतूंच्या जुड्या फोकसच्या बाजूला जास्त विरळ झालेल्या सापडतात, आणि आपण काहीच न करता विचारात हरवतो तेव्हा जागं होणारं जे डिफॉल्ट मोड नेटवर्क, त्याच्याशी हिप्पोकॅम्पसचा ताळमेळ कमी असतो. ‘फिट महिन्यातून एकदा येते, मग तो रोजच का विसरतो?’ या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. दोन फिट्सच्या मधल्या काळातही जाळं पूर्ण शांत नसतं. भाऊ निष्काळजी आहे म्हणून विसरत नाही, एवढं तरी घरात सगळ्यांना सांगा.

मला स्वतःला सगळ्यात पटलेलं काम ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीवरचं. या मुलामुलींना सकाळी उठल्यावर हाताला झटके बसतात, दात घासताना ब्रश उडून पडतो. जागरणानं वाढतं. काहींना अवघड गणित सोडवताना किंवा चटकन निर्णय घ्यायची वेळ आली की झटका बसतो, आणि यावर घरचे कधीच विश्वास ठेवत नाहीत. ‘अभ्यास टाळायचे बहाणे.’ २०११च्या एका फंक्शनल एमआरआय अभ्यासात या रुग्णांना एखादी गोष्ट थोडा वेळ लक्षात ठेवून वापरायचं काम दिलं. काम अवघड होत गेलं तसं त्यांचं हालचाल-केंद्रही सोबत उत्तेजित होत गेलं. निरोगी लोकांत तसं झालं नाही. विचाराचं जाळं आणि हालचालीचं जाळं यांच्यात नको इतकी जवळीक. त्या मुलांचं म्हणणं खरं होतं.

मग जाळं आधी बिघडतं म्हणून फिट येते, की फिट्स येऊन येऊन जाळं बिघडतं? आधी कोंबडी की आधी अंडं. १९६९ मध्ये ग्रॅहॅम गोडार्ड यांनी उंदरांच्या ॲमिग्डालामध्ये रोज थोडासा करंट दिला. सुरुवातीला काहीच झालं नाही. काही दिवसांनी तेवढ्याच करंटला पूर्ण फिट येऊ लागली. याला किंडलिंग म्हणतात. माणसात हे असं सरळसोट घडतं असं म्हणता येणार नाही, अनेकांची एपिलेप्सी वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहते. पण जास्त वर्षं आजार असलेल्यांत जाळ्यातले बदल सरासरीनं जास्त दिसतात. दोन्ही बाजूंनी थोडं-थोडं खरं असावं, असं माझं मत.

याचा उपचाराशी काय संबंध? औषधांपासून सुरू करू, माइकच्या गोष्टीतलं आवाजाचं बटण. ॲब्सेन्समध्ये थॅलॅमसच्या पेशींतल्या टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या तो फेरा चालू ठेवायला मदत करतात. इथोसक्सिमाइड हे औषध त्याच बंद करतं, म्हणून ते ॲब्सेन्सला लागू पडतं आणि टेम्पोरल लोबच्या फिटला नाही. उलट कार्बामाझेपिन फोकल फिट्सवर उत्तम, पण ॲब्सेन्स आणि सकाळच्या झटक्यांना ते वाढवू शकतं. फिटचं जाळं ओळखून औषध निवडायचं ते यासाठी. त्याला कनेक्टिव्हिटी स्कॅन लागत नाही. फिटचं नीट वर्णन आणि साधा ईईजी बहुतेक वेळा पुरतो.

तुमच्या भावाची दोन औषधं झाली आहेत, आणि इथे मी थोडी कडक होते. २००० साली क्वान आणि ब्रोडी यांनी छापलेल्या आकड्यांत, आधी औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट्स पहिल्या औषधावर थांबल्या, आणखी १३ टक्क्यांच्या दुसऱ्यावर. एकट्या तिसऱ्या औषधावर जेमतेम १ टक्का. नवी औषधं येऊनही हे चित्र फारसं बदललेलं नाही. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट्स चालू असतील तर त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणतात, आणि शस्त्रक्रियेची तपासणी करणाऱ्या केंद्रात पाठवायची वेळ तीच. तिसरी, चौथी, पाचवी गोळी बदलत दहा वर्षं घालवलेले रुग्ण येतात तेव्हा मला राग येतो. रुग्णांचा नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे माइक उचलणं. २००१ मध्ये सॅम्युएल वीब यांच्या कॅनडातल्या चाचणीत टेम्पोरल लोब एपिलेप्सीच्या ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त असलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. म्हणजे ठिपका काढणं चालतं, कारण फेऱ्यातला एक मोठा दुवा निघतो. आणि उरलेल्यांत का चालत नाही? तिथे नेटवर्कचा विचार कामाला येतो: फेऱ्याचा दुसरा दुवा, उदाहरणार्थ इन्सुला, मागे राहिलेला असू शकतो. पोटातून चढणारी जाणीव टेम्पोरल लोबचीच असते असं नाही. सुया कुठे घालायच्या हे ठरवताना आम्ही आधी गृहीतक मांडतो की याचं जाळं कोणत्या-कोणत्या जागांचं असेल, आणि सुया त्या-त्या जागी जातात. फ्रान्समधल्या मार्सेतला एक गट तर रुग्णाच्याच तंतूंचा नकाशा आणि गणिती प्रतिकृती वापरून संगणकात फिट सुरू करून बघतो. कल्पना सुंदर आहे. माझ्या रोजच्या निर्णयात ती अजून आलेली नाही.

काय काढायचं नाही, हेही जाळंच सांगतं. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन आठवण जवळपास तयारच होईना. आज म्हणून शस्त्रक्रियेआधी स्मरणशक्ती आणि भाषा कोणत्या बाजूवर किती अवलंबून आहे ते तपासतात. फंक्शनल एमआरआयचा खरा रोजचा उपयोग इथे आहे: भाषेची बाजू ठरवणं.

काढण्यासारखं काही नसेल तर फेऱ्यातच हस्तक्षेप करता येतो. थॅलॅमसचा पुढचा भाग हिप्पोकॅम्पसशी एका साखळीनं जोडलेला आहे, ती जेम्स पेपेझ यांनी १९३७ मध्ये भावनांचं सर्किट म्हणून वर्णन केली होती. त्या भागात कायमच्या तारा बसवून करंट देण्याची चाचणी ११० रुग्णांवर झाली, २०१० मध्ये छापून आली. पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी फिट्स मध्यमानानं ४० टक्के घटल्या, करंट बंद ठेवलेल्यांत १४.५ टक्के. मागे वळून बघता मला याचं अप्रूप एवढ्यासाठी वाटतं की फिट थॅलॅमसमध्ये सुरू झालेली नव्हती. तिथे करंट देऊन दुसरीकडची फिट आटोक्यात आली. फिट्स पूर्ण थांबतील अशी आशा मात्र यात ठेवू नका, कमी होतात.

तर तुमच्या भावासाठी. आधीचा एमआरआय एपिलेप्सीच्या खास प्रोटोकॉलनं, शक्यतो ३ टेस्ला या जास्त ताकदीच्या मशीनवर झाला होता का, ते विचारा. नसेल तर तो पुन्हा, आणि रोज एपिलेप्सीचे एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घ्या, सोबत फिटचं वर्णन देऊन. मेंदूच्या घडीच्या तळाशी लपलेली छोटी कॉर्टिकल डिस्प्लेझिया, म्हणजे कॉर्टेक्सची सदोष घडण, ‘नॉर्मल’ रिपोर्टमध्ये हमखास सुटते. मग व्हिडिओ-ईईजी, म्हणजे काही दिवस भरती राहून फिट पकडणं. या दोन पायऱ्या न करता कनेक्टिव्हिटी स्कॅन म्हणजे पाया न खणता कळस. गोळ्या आपल्या मनानं कमी करू नका. व्हिडिओ-ईईजीसाठी कमी करतात तेही भरती असतानाच.

तोवर एक काम तुम्ही स्वतः करा, आणि ते कोणत्याही रंगीत नकाशापेक्षा मला जास्त सांगेल. पुढची फिट आली की आधी त्याला धोक्याच्या जागेपासून दूर ठेवा, मग दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत हवेत, चादर बाजूला सारलेली. ‘तुझं नाव काय?’ ‘उजवा हात वर कर’ असं मोठ्यानं विचारत राहा. एखादा शब्द सांगून ठेवा, नंतर आठवतो का बघा. कोणता हात वळला, कोणता चाचपत होता, दिसू द्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर चित्रण सोडून रुग्णवाहिका बोलवा.

आणि थांबली म्हणून लगेच मोबाइल बंद करू नका. पुढची दोन मिनिटं घ्याच. तो नाक कोणत्या हातानं पुसतो ते बघा, बहुधा तो फिटच्याच बाजूचा हात असतो. पेन दाखवून ‘हे काय?’ विचारा. डोळे पूर्ण जागे, तुम्ही सांगितलेलं सगळं करतोय, पण पेनला पेन म्हणता येत नाहीये, असं मिनिटभर जरी दिसलं तरी फिट भाषेच्या बाजूला होती असं मी धरून चालते. ते चित्रण घेऊन जा.